घरचं झिंक

मी शंकेखोर बाई आहे, आणि हे कबूल करायची मला लाज वाटत नाही. पांढुर्ण्याच्या एका शाळेत मी बाबूगिरी करते. दाखले, जन्मतारखा, जातीची कागदं, सगळं माझ्या हाताखालून जातं. एकाच पोराच्या तीन जन्मतारखा मी पाहिल्या आहेत. मरून दोन वर्षं झालेल्या बापाची सही ताज्या निळ्या शाईत पाहिली आहे. अशा खुर्चीवर वीस वर्षं बसलं की माणूस भाजीवालीच्या तराजूखाली हात फिरवून पाहतो. मी पाहते. लोक हसतात, हसू देत बाप्पा.

ही शंका बाबांच्या आजारपणात कामी येईल असं मला खरंच वाटलं होतं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यातली गोष्ट. आमचं गाव सौसरकडचं, मोहगावच्या पुढं. माय-बाबा तिथं राहतात, थोडा कापूस आणि संत्र्याची बाग. आंबिया बहाराची संत्री तोडणं चालू होतं, म्हणून बाबा ताप अंगावर काढत राहिले. आधी सर्दी, मग ताप, मग खोकला असा की बोलताना वाक्य पुरं होईना. मी गाडी करून गेले आणि दोघांनाही पांढुर्ण्याला घेऊन आले. दवाखान्यात बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली. लगेच भरती केलं, नाकाला नळी लावली. व्हायरल आहे, छातीत उतरलं आहे, म्हणाले. मोठ्या साथीच्या वेळी आमच्या गल्लीतली तीन माणसं अशीच चालत दवाखान्यात गेली होती आणि परत आली नव्हती. मला दुसरं काही दिसेचना. बाबा घरी आले पाहिजेत, बस.

दवाखाना खासगी, लहानसा, रेल्वे लाइनच्या जवळ. मालगाडी गेली की खाटेचं लोखंड थरथरायचं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नागपूरला शिकलेल्या. पहिल्याच सकाळी त्या स्वतः रक्त घ्यायला आल्या. तीन नळ्या भरल्या आणि मग खिशातून चौथी काढली.

"ही कायची?" मी विचारलं.

"ही झिंकची. नागपूरला पाठवते. ताई, याचे पैसे लागणार नाहीत."

झालं! पैसे लागणार नाहीत म्हटलं की माझे कान उभे राहतात. दवाखान्यात कापसाच्या बोळ्याचेसुद्धा पैसे लागतात, आणि ही बाई फुकटात रक्त तपासून देणार? त्यांनी समजावलं. म्हणाल्या, असे छातीचे पेशंट येतात त्यांच्या रक्तात झिंक किती आहे, आणि ते किती दिवसांत बरे होऊन घरी जातात, हे मी लिहून ठेवत आहे. भरती झाल्यावर एकदा आणि पाच दिवसांनी एकदा रक्त घ्यायचं. मग एक कागद पुढं केला. सही इथं.

मी कागद तीनदा वाचला. तेवढ्यात बाबांनी नळीच्या आडून विचारलं, "कोनतं झिंक? आपल्या बागेतलं?"

संत्रेवाल्याला झिंक सांगावं लागत नाही. पानाच्या शिरा हिरव्या राहिल्या, मधली जागा पिवळी पडली, पान बारीक आणि टोकदार झालं की शेंबडं पोरगंही सांगतं, झिंक कमी पडलं. मग कोठ्यात, अवजारांच्या खोलीत, ठेवलेल्या गोणीतली पांढरी भुकटी पाण्यात कालवायची, चुन्याची निवळी टाकायची आणि फवारायचं. बाबांनी जन्मभर तेच केलं.

"तेच, काका," डॉक्टरीणबाई हसल्या. "माणसालाही लागतं. थोडंसं."

"म्हनजे मी झाड झालो का वं?" बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, आणि भरती झाल्यापासून पहिल्यांदा हसले. हसताना खोकला आला. तरी सही त्यांनी केली. मी नको म्हणत होते.

दोन दिवसांनी नागपूरहून निरोप आला, झिंक कमी आहे. असणारच, मी मनात म्हटलं. ज्याला विकायचं असतं त्याला कमीच दिसतं. त्या दिवसापासून सकाळच्या दवायांत एक पांढरी गोळी वाढली. सिस्टर ती कागदाच्या पुडीत घालून द्यायची. पाकीट नाही, नाव नाही, तारीख नाही. मी पाकीट मागितलं तर म्हणाली, मोठा डबा आहे, त्यातून काढून देते. दाल में कुछ काला नाही, अख्खी दालच काळी दिसू लागली मला.

मी काय केलं ते सांगते. बाकीच्या गोळ्या बाबांना दिल्या आणि ती पांढरी रुमालाच्या कोपऱ्यात बांधली. बाबा गुंगीत असायचे, हातावर ठेवलं ते गिळायचे. मायनं मात्र पाहिलं.

"हे काऊन ठेवून राहिली?"

"हे लोक बाबाइवर परयोग करून राहिले, माय. गोळीवर नाव नाही, गाव नाही. खडू आहे का दवाई, कोनाले ठाऊक?"

"पन मॅडम म्हने झिंक कमी आहे त्याईच्या अंगात. कमी आहे तं द्या लागन ना?"

मला शाळेत पोचायचं होतं. डोकं तापलेलं. "द्याचंच असन तं आपल्या कोठ्यातलं काय वाईट आहे? त्या गोनीवर निदान नाव तं लिहेल असते!" असं म्हणून मी निघून गेले.

माय माझी कमी बोलणारी. तिच्यावर पोट्टीच्या, म्हणजे माझ्या, शिक्षणाचं मोठं वजन. मी कागद वाचते म्हणजे मला सगळं कळतं, असं ती चारचौघांत सांगते. दवाखान्यात कुणी काही विचारलं की, "थांबा, पोरगी आली की सांगन," म्हणायची. दिवसभर ती बाबांजवळ बसायची. मी शाळेच्या आधी आणि शाळेनंतर.

त्याच दुपारी ती बसनं गावाला जाऊन आली. बागेचं पाणी सांगायचं होतं, गड्याला चाबी द्यायची होती. संध्याकाळी परत आली तेव्हा पिशवीत बाबांची शाल होती, घरच्या झाडाची लिंबं होती, आणि संत्री. आल्या-गेल्या प्रत्येकाची पिशवी मी चाचपून पाहत होते. भेटायला आलेल्या शेजाऱ्याच्या डब्यातली भाजी आधी मी खाऊन पाहिली होती. मायची पिशवी कोण पाहतं?

बाबांच्या तोंडाची चव गेली होती. भात दिला तर म्हणायचे भुसा आहे, दूध दिलं तर म्हणायचे पाणी आहे. म्हणून माय सकाळ-संध्याकाळ लिंबाचं सरबत करून द्यायची, मीठ-साखर घालून. तेवढं ते घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या.

आधी वाटलं खोकल्यानं होत असेल. पण खाल्लेलं काही ठरेना. रात्रभरात डोळे आत गेले. नळीचा ऑक्सिजन जरा कमी केला होता तो पुन्हा वाढवला. मी सलाइनची बाटली उलटी करून तारीख वाचली. इंजेक्शनची रिकामी कुपी टोपलीतून काढून पिशवीत ठेवली, पुढं पुरावा लागेल म्हणून. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तशी मी उभीच राहिले.

"तुमच्या त्या झिंकच्या गोळीनं उलट्या होऊन राहिल्या."

गोळी माझ्या रुमालात होती. तरी मी ते बोलले. वाटलं, बघू, काय उत्तर देते.

त्या गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "होऊ शकतं. झिंकनं मळमळ होते. थांबवून बघू." आणि कागदावर गोळी खोडली. इतक्या सहज कबूल झाल्या म्हणून मला आणखीच शंका आली. दाखल्यावर खाडाखोड पकडली की लोक असेच पटकन सॉरी म्हणतात.

गोळी बंद झाली, उलट्या बंद झाल्या नाहीत. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. पोटात काही ठरत नाही, अंगातलं पाणी कमी झालं आहे, आणि मोठी भीती म्हणजे उलटी श्वासात जाण्याची. फुप्फुस आधीच दमलेलं आहे. "संध्याकाळपर्यंत पाहते. नाही थांबलं तर नागपूरला हलवू. मशीन लागू शकतं."

मशीन शब्द ऐकला. गल्लीतली ती तीन माणसं मशीनवरच गेली होती. मी बाहेर पायरीवर बसून रडले. मायला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "त्याईले लिंबू-पानी देत राह्य, तेवढंच जाते पोटात."

मीच म्हटलं. हेही लिहिलं पाहिजे.

दुपारी शाळेतून सुट्टी टाकून आले तर डॉक्टरीणबाईंनी खोलीत बोलावलं. पाच दिवसांनी घ्यायचं ते दुसरं रक्त त्यांनी आदल्या दिवशी नागपूरला पाठवलं होतं, त्याचा आकडा फोनवर आला होता. त्या कागद पुढं-मागं करत होत्या. म्हणाल्या, "झिंक वाढलं आहे. खूपच वाढलं आहे. तीन गोळ्यांत इतकं वाढत नाही सहसा."

मला आतून जो आनंद झाला तो काय सांगू! बाप खाटेवर पडलेला आणि मला आनंद झाला. सापडली! मी रुमाल काढला, गाठ सोडली, आणि तीन पांढऱ्या गोळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"ह्या घ्या तुमच्या गोळ्या. एकही पोटात गेली नाही. अन् तुमचा रिपोर्ट म्हनते झिंक वाढलं. कसं वाढलं, मॅडम? हवेतून?"

त्या गोळ्यांकडे पाहत राहिल्या. मी बोलतच होते. म्हटलं, मी शाळेत वीस वर्षं खोटे कागद पकडले आहेत, मला शिकवू नका. रिपोर्ट खोटा, गोळ्या खोट्या, आणि माझा बाप तुमच्या वहीसाठी मरून राहिला. माझा आवाज बाहेर बाकड्यांपर्यंत जात होता, जाऊ दे म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलू दिलं. मग एकच विचारलं. "गोळ्या दिल्या नाहीत. मग हे झिंक आलं कुठून?"

"तेच तं मी तुमाले विचारून राहिली!"

"चला," त्या उठल्या, "काका काय काय खातात ते मला बघायचं आहे."

आम्ही वॉर्डात गेलो. माय खाटेच्या कडेवर बसून बाबांच्या ओठाला पेला लावत होती. बाबांनी एक घोट घेतला, आणि थांबले. जीभ ओठांवरून फिरवली. परत एक घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं आता उलटी होते.

"चव लागली," बाबा म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डॉक्टरीणबाई पुढं झाल्या. "अरे वा, काका! कशाची चव लागली?"

"झिंकची."

बाबा पेल्याकडे पाहत होते. "फवारताना वारा फिरला का ओठावर बसते हे. तुरट. मंग दिवसभर तोंड तांब्याचं भांडं चाटल्यावानी लागते. हे आपल्या कोठ्यातलंच व्हय."

आणि तेव्हाही, खरं सांगते, त्या क्षणीही मी डॉक्टरीणबाईंकडेच वळून पाहिलं. तोंड उघडलं होतं मी, पाण्यात कालवून देता का म्हणून विचारायला. मग मायकडे पाहिलं.

ती पदराची गाठ सोडत होती. गाठीत वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती. तिनं ती उघडून खाटेवर ठेवली. पांढरी भुकटी, थोडी ओलसर.

"चिमूट चिमूटच दिलं," माय म्हणाली. "सकाळी एक, सांजच्याला एक. झाडाले तं किती लागते. चुना नाही टाकला मी."

"माय, काय केलं वं तू हे!"

ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिला खरोखरच कळत नव्हतं. "तूच तं म्हटलं ना वं. इथल्या गोळीचा भरोसा नाही, आपल्या कोठ्यातलं बरं. त्याच्यावर नाव लिहेल आहे म्हने." मग डॉक्टरीणबाईंना, अभिमानानं नाही पण खात्रीनं, "पोरगी कागद वाचते माही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी गावभर शंका घेत फिरले, सलाइनच्या बाटल्या उलट्या केल्या, शेजाऱ्याची भाजी चाखली, आणि विष माझ्याच तोंडातून निघालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी पेला उचलला, मग पुडी. सिस्टरला काय काय द्यायचं ते भराभर सांगितलं. पुन्हा रक्त घेतलं, किडनी तपासायला. मायला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला दारात गाठलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तीन दिवस मी यांच्या पोटात काय चुकतंय ते शोधत होते, ताई. तीन दिवस. तुम्ही मला एक गोष्ट खरी सांगितली असती तर."

मी मान खाली घातली. माझ्यासमोर उभे राहून पोरांचे बाप घालतात तशीच.

उलट्या दुसऱ्या दिवशी सकाळी थांबल्या. किडनी शाबूत निघाली. नागपूरला हलवावं लागलं नाही. त्यानंतर आठ दिवसांनी बाबा घरी गेले, काठी टेकत, पण आपल्या पायांनी. जाताना पैसे भरून झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. माफी मागितली. त्यांनी बसायला सांगितलं. त्यांच्या वहीत बाबांच्या ओळीवर लाल रेघ मारलेली होती.

"हे कटलं का?"

"कटणारच. यांचा आकडा आता कशाच्याच कामाचा नाही."

मला वाईट वाटलं. चौथ्या नळीला मी इतका विरोध केला होता, आणि आता ती वाया गेली म्हणून वाईट वाटलं. मी विचारलं, पण मॅडम, झिंकनं माणूस बरा होते का नाही, एवढं तरी सांगा.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांचं कमी असतं ते जास्त आजारी दिसतात. पण कमी आहे म्हणून जास्त आजारी, का जास्त आजारी आहेत म्हणून कमी, हेच तर शोधत आहे. आजारात रक्तातलं झिंक तसंही खाली जातं."

माहीत नाही, असं सरळ सांगणारं माणूस माझ्या टेबलापुढं कधी आलं नव्हतं. गाडीत मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, मूळ सडलं का पान पिवळं पडतेच, मंग कितीही फवारा. सौसर येईपर्यंत ते खिडकीतून लोकांच्या बागा पाहत होते. कोणाचं पान कसं आहे ते सांगत होते. मला वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नाही.

आता मी दर शनिवारी गावाला जाते. बाबा पार ठीक आहेत, बागेत जातात, गड्यावर ओरडतात. कोठ्यातली गोणी त्यांनी फळीवर चढवून ठेवली आहे. त्यावरून ते मायची थट्टाही करतात, "तुह्या मायनं मले फवारलं," म्हणून सगळ्यांना सांगतात, आणि माय हसते. तिला रागावलं कुणीच नाही. मी तर पाय धरले तिचे. "तुही काय चूक वं, पोरी," म्हणाली.

पण मी घरात असले की चहा झाल्यावर ती बाबांचा पेला सरळ त्यांच्याकडे नेत नाही. पन्नास वर्षं तिनं त्या माणसाला रांधून घातलं आहे. आधी ती माझ्याकडे येते. दोन्ही हातांनी पेला माझ्यापुढं धरते आणि हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही असं म्हणते, "पाह्य बरं, बराबर आहे ना?"

पहिल्या वेळी मी चिडले, असं काय करतेस म्हणून. तिचे हात तसेच राहिले. चहा निवत चालला.

आता मी काही बोलत नाही. पेला घेते, एक घोट पिते, परत देते. बरोबर आहे माय, म्हणते. मग ती बाबांना नेऊन देते.